बेंदूर वर राहिला तर

अण्णा टीव्हीकडं पाठ करून बसले होते आणि मॅच ऐकत होते. तोंड भिंतीकडं, नजर कॅलेंडरवरच्या गणपतीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर. मागं टीव्हीत इटलीतलं कुठलंतरी मैदान, आणि इंग्रजीतली बडबड, जी त्यांना निम्मी कळत नव्हती.

"कुणी मारला?" त्यांनी न वळता विचारलं.

मी सांगितलं, समोरच्यांनी मारला, आपल्यावर गोल झाला.

"आपल्यावर न्हाई. पोपटी घातलं की ती आपली टीम न्हवं."

मग ऐकताय कशाला, असं आई मेथी निवडता निवडता म्हणाली. अण्णा जागचे उठले नाहीत. आणि मी खुर्चीच्या कडेला बसून अंबाबाईचं नाव घेत होतो, कारण त्या टीमच्या हरण्या-जिंकण्यावर माझं लग्न लटकलं होतं.

'घेत होतो' वाचून दचकू नका. मी बाईच आहे. दौलतराव सासन्यांची थोरली, वैजयंती. आमच्या कोल्हापुरात बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पुण्यात शिकायला होतो तेव्हा मैत्रिणी हसायच्या, पण माझी खोड गेली नाही आणि आता या वयात जाणारही नाही.

तर ही टीम कुठली, ते आधी सांगतो. आमच्याकडं पेठेपेठेत तालमी. मूळच्या कुस्तीच्या, पण आता तालीम म्हटलं की फुटबॉल. आमची गुळवे तालीम, जर्सी डाळिंबी. पलीकडच्या पेठेतली चिंचेची तालीम, जर्सी पोपटी. दोघांचं हाडवैर. ते कशावरनं सुरू झालं असं विचारलंत तर दोन्हीकडचे म्हातारे वेगवेगळं सांगतील, आणि दोन्ही खोटं असेल. आमच्या घरात पोपटी काही येत नसे. मावशीनं एकदा पोपटी टॉवेल आणला, तो अण्णांनी लेथ पुसायला वर्कशॉपवर नेला. त्यांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं, पण काय करता असं कुणी विचारलं तर आधी सांगायचे, गुळवे तालमीचा बॅक होतो.

त्या वर्षी मैदानात मोठी मारामारी झाली. खुर्च्या उडाल्या, डोकी फुटली, आणि अख्खा हंगाम रद्द झाला. रविवार आला की अण्णांना सुचेना. चप्पल घालायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. आई म्हणायची, म्हशीला रेडकू दिसेना झालं की ती असंच करते. अशाच एका रविवारी संध्याकाळी ते रिमोट घेऊन चॅनेल पळवत बसले होते आणि एकदम थांबले. टीव्हीवर डाळिंबी जर्सी. पांढरी कॉलर, अगदी आमच्या तालमीसारखी.

"आपली पोरं टीव्हीवर कशी?" असं खरंच म्हणाले ते.

आपली पोरं नव्हती. इटलीतला बेन्दोरो नावाचा लहानसा क्लब होता, मोठ्यांच्या पंगतीत नुकताच येऊन बसलेला. पण अण्णांना तेवढं पुरलं. पुढच्या रविवारी घरात सात-आठ माणसं जमली, त्याच्या पुढच्या रविवारी व्हरांडा भरला. बेन्दोरो म्हणायला जड, म्हणून त्याचा बेंदूर झाला. बैलांचा सण आमच्या तोंडातलाच. बार्ताक्की नावाचा त्यांचा एक वयस्क बॅक होता, त्याचा बारटक्के झाला, आणि गोलकीपर मोरेत्तीचा मोरे. मोरे चुकला की अण्णा त्याला असं बोलायचे की जणू तो मागच्या गल्लीत राहतो.

घोळ पुढं झाला. इटलीतले क्लब दुसऱ्याच्या गावात खेळायला गेले की कधी कधी दुसरी जर्सी घालतात. बेंदूर बाहेर प्रत्येक मॅचला दुसरीच घालायचा, आणि ती पोपटी निघाली. पोपटी म्हणजे पोपटी, एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही. आणि चिंचेच्या तालमीतल्या लोकांनी टीव्ही लावला तो नेमका बाहेरगावच्या मॅचला. त्यांनाही वाटलं, आपली पोरं. त्यांच्याही गल्लीत गर्दी जमायला लागली.

हे मला कळलं ते धैर्यशीलकडून. मी पॉलिटेक्निकच्या लायब्ररीत होतो, तो तिथंच वर्कशॉपला इन्स्ट्रक्टर. चिंचेच्या तालमीचा. मॅचला हलगी वाजवायचा, आणि आमच्या तालमीवर गोल झाला की जास्तच वाजवायचा. तरी मला तो आवडला होता, काय करणार. दोन वर्षं आमचं चाललं होतं आणि दोन्ही घरांत कुणाला पत्ता नव्हता. एक दिवस तो पुस्तक परत करायला आला आणि आमचा एक क्लब आहे इटलीतला, त्याचं कौतुक सांगायला लागला. त्यात बारटक्केचं नाव आलं. नाव जरा वेगळं, पण माणूस तोच. मी त्याला कपाटामागं नेऊन सांगितलं की अरे, तो आमचा आहे. दोघंही इतके हसलो की प्राचार्यांनी शिपाई पाठवला.

आम्हाला वाटलं, हे तर देवानंच जुळवलं. दोन्ही पेठा एकाच टीमच्या मागं, मग आता घरी सांगायला काय हरकत. आम्ही खुळे होतो. बातमी पसरली तशी दोन्हीकडं तोंडं फिरली. बेंदूर कुणाचा, यावरनं भांडण. आमचे म्हणायचे, घरचा रंग तो खरा, बाहेर जाताना माणूस कायपण घालतो. ते म्हणायचे, घरात सगळेच शेर असतात, बाहेर जाऊन जिंकतो तो खरा. घरच्या मैदानावर हरला की तिकडून निरोप यायचा, तुमचा बेंदूर आपटला. बाहेर हरला की आमच्याकडून जायचा, तुमचा आपटला. तेव्हापासून अण्णा बाहेरच्या मॅचला टीव्हीकडं पाठ करून बसायला लागले.

त्यात मी घरी सांगून बसलो.

आईला मुलगा पसंत होता. नोकरी आहे, व्यसन नाही, एकुलता एक, घरची दुभती जनावरं. धैर्यशीलचे वडील बापू चौगले, पहाटे म्हशी कट्ट्यावर आणून धारोष्ण दूध विकायचे, गावात नाव चांगलं. अण्णांनी मात्र दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, की उद्या मॅच असली तर जावई तिकडं आणि मी इकडं. नातवंडं कुठं बसायची? त्यांच्या अंगात पोपटी बघायला मला जगायचं नाही. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला आलं नाही, कारण अण्णांचे डोळे भरले होते.

धैर्यशील म्हणाला, रजिस्टर करू, नंतर होतील गोड. मी नाही म्हटलं. अण्णा नसताना माझ्या डोक्यावर अक्षता पडलेल्या मला चालणार नव्हत्या. मला तोही पाहिजे होता आणि अण्णाही पाहिजे होते, आणि यातलं एकही मी सोडणार नव्हतो. हट्टी तर मी आहेच, कुणाची लेक.

मग एका संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर कुणीतरी अण्णांना डिवचलं. काय दौलतराव, पोपट पाळणार म्हणे. अण्णा ताडकन उठले आणि सगळ्यांसमोर बोलून गेले: "बेंदूर वर राहिला तर बोलणी करीन. खाली गेला तर विषय बंद. शब्द दिला."

इटलीत वर्षाच्या शेवटी तळाच्या तीन टीम खालच्या वर्गात ढकलतात, आपल्याकडं पोरं नापास होतात तसं. त्या दिवशी बेंदूर सगळ्यात तळाला होता. म्हणजे अण्णांनी नकारच दिला होता, फक्त तो मोरे आणि बारटक्केच्या गळ्यात घातला होता. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पण शब्द म्हणजे शब्द. अण्णांनी शब्द मोडला असं पेठेत कुणी ऐकलेलं नव्हतं. वर्कशॉप उघडायला त्यांना उशीर झाला तर गिऱ्हाईक आपलंच घड्याळ दुरुस्तीला टाकायचं, अशी त्यांची ख्याती. त्यामुळं नाही झालं तर नाही, पण झालं तर हो, हेही तितकंच पक्कं होतं. त्या एका धाग्याला धरून मी ते वर्ष काढलं.

मला फुटबॉलचं काडीचं वेड नव्हतं. त्या वर्षी मी ऑफसाईड शिकलो. गुणतक्ता पाठ केला. दसऱ्याला बेंदूर तळालाच. दिवाळीनंतर एकदम अंगात वारं शिरल्यासारखी टीम खेळायला लागली, घरच्या मैदानावर लागोपाठ जिंकली, आणि संक्रांतीला चांगली मधोमध जाऊन बसली. आईनं तिळगूळ देताना माझ्या कानात सांगितलं, शालू बघून ठेवूया. शिमग्याला पुन्हा बोंब. बारटक्केचा पाय मुरगळला, मोरेच्या हातातनं चेंडू साबणासारखा सुटायला लागला. आई देवीपुढं दिवा लावून म्हणायची, त्या बारटक्क्याच्या पायाला आराम पडू दे. कोण कुठला तो माणूस, त्याला इटलीत कधी कळलंही नसेल की कोल्हापुरात एक बाई त्याच्या घोट्यासाठी तेल जाळतेय.

अण्णांचंही काहीतरी बदललं होतं. सुरुवातीला बेंदूर हरला की ते माझ्याकडं बघायचे, बघ बाई, मी काय करणार, अशा नजरेनं. नंतर नंतर हरला की बघायचेच नाहीत. एकदा बाहेरच्या मॅचमध्ये बेंदूरनं गोल मारला आणि भिंतीकडं तोंड करून बसलेल्या अण्णांची मूठ आवळली गेली. मी पाहिलं हे त्यांना कळलं, तर म्हणाले, पेटका आला.

मे महिन्यात शेवटची मॅच. बाहेरगावी, म्हणजे पोपटी. हरायचं नाही, बरोबरी झाली तरी चालेल, टीम वर राहील. संध्याकाळी साडेसहाला सुरू होणार होती. आमच्याकडं माणसं जमली, सतरंजी घातली, आणि सव्वासहाला लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते. वायरमनला फोन केला, तो म्हणाला साडेआठशिवाय येत नाही.

अण्णा बंद टीव्हीसमोर उभे राहिले. मग अंगणात आले. मग पुन्हा आत गेले. माणसं चुकचुकत पांगली. मी त्यांना सांगितलं की भारनियमन पेठवार असतं, पलीकडं लाईट आहे, धैर्यशीलचा फोन आला होता. बापूंनी घरी बोलावलंय, तालमीत नाही, घरी.

"मी त्या पेठंत पाय ठेवणार न्हाई," अण्णा म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. "मी जातो. मला बघायची आहे. माझ्या लग्नाची मॅच आहे."

मी स्कूटी काढली. गेटपाशी पोचलो तर मागं कुणीतरी बसलं. अण्णा होते. डोक्यावर माझ्या भावाचं हेल्मेट, काच खाली ओढलेली. कोल्हापुरात त्या काळी हेल्मेट कुणी घालत नसे, त्यामुळं उलट सगळे वळून बघायला लागले. चिंचेच्या तालमीच्या कोपऱ्यावर एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, तो शांतपणे म्हणाला, "या, दौलतराव." अण्णांनी काच वर केली आणि नमस्कार केला.

बापूंच्या घरी आठ-दहा माणसं होती. सगळी सरकली. बापूंनी स्वतःची खुर्ची दिली. धैर्यशील दाराशी उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्याचा चेहरा उतरलेला होता, रात्रभर झोपला नसावा. काकी, म्हणजे धैर्यशीलची आई, मला आत बोलवत होत्या, पण मी उंबऱ्यापाशीच बसलो. तिथून टीव्हीही दिसत होता आणि अण्णाही.

खुर्ची टीव्हीसमोर होती. अण्णांना पाठ करायला जागाच नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते पोपटी जर्सीतला बेंदूर डोळ्यांनी बघणार होते.

थोडा वेळ ते जमिनीकडं बघत राहिले. मग मोरेनं एक चेंडू झेप घेऊन अडवला आणि त्यांच्या तोंडून "भले" निघून गेलं. बापूंनी मान हलवली. पुढं दोघंही बोलायला लागले, पण एकमेकांशी नाही, टीव्हीशी. अण्णा बारटक्केला सांगायचे, माणूस धर. बापू मोरेला सांगायचे, त्यानं धरलाय, तू तुझी बाजू बघ. हाफटाईमच्या आधी बेंदूरनं गोल मारला आणि अख्खी खोली उठली. अण्णा पण उठले. बसताना त्यांनी बापूंच्या खांद्याला हात लावला, मग तो हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

उत्तरार्धात समोरच्यांनी बरोबरी केली. तरी चालणार होतं. घड्याळाचा काटा पुढं जात होता आणि मी पदराला गाठी मारत होतो. ड्रेस होता, पदर नव्हता, ओढणीच ती, पण तेव्हा मला ते समजत नव्हतं. मॅच संपत आली. समोरच्यांनी एक साधा चेंडू पुढं टाकला, कुणाचाच नव्हता, आणि बारटक्केनं तो मोरेकडं मागं दिला. मोरे पुढं आलेला होता. चेंडू त्याच्या बाजूनं गेला आणि हळूहळू, अगदी चालत चालत, आपल्याच गोलमध्ये गेला.

शिट्टी वाजली. बारटक्के गवतात बसून राहिला होता आणि कॅमेरा त्याच्यावरनं हलत नव्हता. मला रडू येत नव्हतं.

दाराशी उभा असलेला एक शेजारी म्हणाला, "पडला की बेंदूर. संपला विषय." आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. अण्णांचा शब्द दोन्ही पेठांना पाठ होता.

बापूंनी टीव्हीचा आवाज बंद केला. ते सावकाश बोलणारे गृहस्थ होते.

"सासने, आमची टीम पडली. तुमची न्हवं. अंगात पोपटी हुतं, सगळ्यांनी बघितलं. तुमीच म्हणतासा, पोपटी घातलं की तो बेंदूर न्हवं. तवा तुमच्या शब्दाला धक्का न्हाई. तुमचा बेंदूर अजून वरच हाय."

खोलीतल्या प्रत्येकाला कळलं बापूंनी काय केलं ते. आयुष्यभर चिंचेच्या तालमीचं नाक वर ठेवलेला माणूस, त्यानं स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांसमोर ती हार आपल्या अंगावर घेतली होती. मी मनात म्हटलं, अण्णा, आता फक्त मान हलवा. काही बोलू नका. नुसती मान.

अण्णा टीव्हीकडं बघत होते. तिथं मोरे आला होता आणि बारटक्केला हाताला धरून उठवत होता.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "आमचीच पडली."

काय माणूस आहे हा, असं मनात आलं. आपल्या पोरीचं सोनं होत असताना याला टीमची पडली आहे. धैर्यशीलनं डोळे मिटले.

"आमची बी हाय," बापू म्हणाले. "आज तर आमचीच."

"असंल. पर आमची पडली." अण्णांचा आवाज बारीक झाला होता. "अंगात काय का असंना, बारटक्के तोच की. निम्मं वर्स त्यानं दुसऱ्याच्या गावात झुंज दिली आणि मी भिंतीकडं तोंड करून बसलो. घरातनं भाईर पडलं म्हणून आपलं माणूस परकं हुतंय व्हय?"

हे बोलताना ते माझ्याकडं बघत नव्हते. बोलून झाल्यावर बघितलं. तेव्हा मला कळलं की ते बारटक्केबद्दल बोलतच नव्हते, आणि मग मात्र मला रडू आवरेना. तोंडावर ओढणी घेऊन त्या उंबऱ्यावर मी लहान पोरासारखा रडलो. काकी येऊन माझ्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या.

शेजाऱ्याला राहवलं नाही. "मग शब्दाचं काय, दौलतराव?"

"मोडला," अण्णा म्हणाले. "दौलत सासन्यानं शब्द मोडला. सांगा पेठंत. आमच्या पेठंत मी सांगतो."

शेजारी खाली बघायला लागला. अण्णांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं, घडी घालून परत ठेवला आणि बापूंकडं वळले. इतकी वर्षं मैदानात, बाजारात, कुठंही गाठ पडली तरी त्यांना ते 'चौगले' म्हणत आले होते.

"च्या टाकायला सांगा की, पाव्हणं," अण्णा म्हणाले. "का पडलेल्यांस्नी तुमच्यात च्या न्हाई?"